पंचपात्रातलं पाणी

अप्पांची नजर गेली आहे आणि उजवा हात सतत थरथरतो, म्हणून महालय अमावस्येच्या तर्पणाला तो हात मी धरला होता. ते मला शेजारच्या पापनाशम गावाहून आलेली आया समजतात. एकही आया टिकेना, तेव्हा भावानं मला गुपचूप बोलावून घेतलं. कुंभकोणमच्या या माझ्याच घरात मी तीन महिने फक्त तमिळ बोलते आहे, त्यांना अप्पा न म्हणता 'अय्या', म्हणजे मालक, म्हणते आहे. आमची घरची तंजावरी मराठी तोंडातून निघाली, तर अप्पा मला ओळखतील आणि माझ्या हातचा घासही घेणार नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला, त्याच आठवड्यात त्यांनी माझं, जिवंत मुलीचं, श्राद्ध घातलं. यांच्यावर प्रेम करायचं बळ दे, असं मी येशूकडे रोज मागते. आज मागायचंही बळ नव्हतं. अप्पांनी त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, मग माझ्या आईचं. प्रत्येक नावाला मी त्यांच्या तळहातावर तीळ ठेवून पाणी सोडलं. शेवटी ते म्हणाले, "कामाक्षी." माझा हात थांबला. "ओत ना," ते तमिळमध्ये खेकसले, "मेलेल्या लेकीचं आहे. सगळं ओत, तिचं काही उरायला नको." मी पंचपात्र रिकामं केलं. मग त्यांच्या बोटांना चिकटलेले माझ्या नावाचे तीळ एकेक करून पुसले आणि तमिळमध्येच विचारलं, "आता जेवायला वाढू, अय्या?"