सोमवारची चाचणी

दर सोमवारी डॉ. मृण्मयी स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना, नानांना, तीन शब्द ऐकवायची आणि पाच मिनिटांनी परत विचारायची. चार वर्षांत त्यांना एकही आठवला नव्हता. तिने शोधलेलं औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

"छत्री, पेरू, कात्री," नाना म्हणाले. "पहिल्या सोमवारी घंटा, उशी, नदी. मधलेही सगळे म्हणून दाखवू?"

तिने जुन्या नोंदी पडताळल्या. एकही शब्द चुकला नव्हता. म्हणजे आजारात काहीच पुसलं गेलं नव्हतं.

"आणखी काय आठवतं, नाना?"

"औषधाच्या संमतीपत्रावर सही करताना तू दादाला फोनवर म्हणालीस, आता यांच्यात गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. मी तुझी ओढणी धरायला बघत होतो, बाळ, पण हात उचलेना."