सरावाची रुग्ण

आमच्या शाळेत नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलांना सरावासाठी खोटा रुग्ण देतात. दरवर्षी हे काम चर्चमधल्या, सत्तरी ओलांडलेल्या लोरेटाबाई हौसेने करतात. मी दुखणे नेमून द्यायचे, त्यांनी ते वठवायचे आणि मुलांनी प्रश्न विचारून ओळखायचे.

आज डार्लीनची परीक्षा होती. ती खोलीतून आली तीच हसत.

"मॅडम, काय अभिनय करतात हो त्या! मी विचारलं, सकाळी काय खाल्लं, तर म्हणाल्या, आईने पॅनकेक केले होते. साल कुठलं विचारलं, तर नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझा हात घट्ट धरून रडल्यासुद्धा. माझ्या अंगावर काटाच आला! स्मृतिभ्रंश, हो ना? झाले ना मी पास?"

मी हातातला गुणांचा कागद खाली ठेवला.

"चुकलं का माझं?"

"नाही गं बाळा. पण मी त्यांना आज फक्त गुडघेदुखी दिली होती. आत बसल्यात ना त्या?"

डार्लीनचे हसू मावळले. तिने खिडकीबाहेर, बर्फाने पांढऱ्या झालेल्या रस्त्याकडे पाहिले.

"आई वाट बघत असेल म्हणाल्या, आणि गाडी घेऊन गेल्या."