चुकलेला टेक

जुन्या जॅझ रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानदाराने मोठ्या ऐटीत मूळ रेकॉर्ड काढून समोर ठेवली. दुकानात आलेल्या साठीच्या बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"ही नको. वीस वर्षांनी हीच पुन्हा काढली होती ना, ती हवीये."

ती नंतरची रेकॉर्ड कोणी फुकटही नेत नसे. पण बाई चार वेळा खेटे घालून गेल्या, तेव्हा त्याने ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना कामाला लावलं. सहा महिन्यांनी ती एका खोक्याच्या तळाशी सापडली.

"हिच्यात असं काय आहे?" बाई आल्यावर त्याने विचारलं.

"शेवटी एक चुकलेला टेक आहे, जागा भरायला टाकलेला. वडिलांच्या एका साथीदाराने सांगितलं मला. त्यात ट्रम्पेट वाजवतायत ते माझे वडील. मी पाळण्यात होते तेव्हाच ते गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

त्याने रेकॉर्ड लावून त्या शेवटच्या तुकड्यावर सुई अलगद टेकवली. ट्रम्पेट रंगात आलं आणि एका सुरावर घसरलं. वाद्यं थांबली. मग एक माणूस खळखळून हसला आणि म्हणाला, "माझंच चुकलं. पुन्हा घेऊ या."

दुकानदाराने न विचारता सुई मागे नेली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर बाईंनी पदराने डोळे टिपले.

"किती कोवळं पोर आहे हो," त्या म्हणाल्या.