जुसानचे कण

मार्चमधले सकाळचे ऊन घाईत नव्हते. कारागांदाच्या खाणींतल्या कोळशाने करड्या पडलेल्या समोरच्या छतावरच्या बर्फावर ते बराच वेळ रेंगाळले. मग दुहेरी काचांतून फिकट होत आत आले, खिडकीच्या कठड्यावरून जाजमावर उतरले, तिथून पलंगाच्या पायाशी सरकले, आणि अखेरीस कुल्याशच्या उघड्या हातावर येऊन टेकले. त्या उजेडात तिची शीर निळी दिसू लागली. तिचा मुलगा दार्मेन तेवढ्याचीच वाट पाहत होता.

प्रयोगशाळेतून कुणालाही न सांगता आणलेली कुपी त्याने खिशातून काढली. माळावरच्या जुसानचा, त्या कडू रानदवण्याचा, अर्क त्याने चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत बंद केला होता. कण थेट गाठीपर्यंत पोचावेत, यासाठी त्याची चार वर्षे गेली होती. आजवर ते केवळ उंदरांना दिले गेले होते.

इस्पितळाने कुल्याशला घरी पाठवून आठवडा झाला होता. तिच्यासमोर कर्करोगाला अल्सर म्हणायचे, असे घरात ठरले होते.

"काय रे ते?"

"जुसान."

"जुसान?" ती हसली, हसता हसता तिला धाप लागली. "अरे, ज्याचे आम्ही झाडू बांधायचो, ते तू सुईत भरलंस? एवढं शिकून आईला आतून झाडणार होय!"

"बोलू नकोस, आई. हात सैल सोड."

"अल्सरला एवढं करतात?"

तो खाली मान घालून दंडाला रबरी पट्टी बांधत राहिला.

"राहू दे. शेजारणी माझ्याशी गोड बोलायला लागल्या, तेव्हाच कळलं मला." तिने त्याच्याकडे रोखून पाहिले. "तुझे उंदीर बरे झाले का?"

"झाले. बाराच्या बारा."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. गाठ उरलीच नाही कुणाच्या अंगात."

हे खोटे नव्हते. ती समाधानाने उशीवर रेलली.

"मग टोच. दोन वर्षं अंगावर काढलं मी. तुझा प्रबंध चालला होता, म्हणून बोलले नाही."

सुईचे टोक शिरेवर टेकले होते. तिथेच त्याचा हात थांबला.

"टोच की रे," ती म्हणाली.

उंदरांना पहिली सुई दिली, तेव्हा त्यांच्या गाठी सहा दिवसांच्या होत्या.