भागल्यावर वाढलं कसं?

सोनम शेंडगे बारामतीच्या कॉलेजात गणितात पहिली यायची. तिथल्या कोकरे सरांनी यंदा शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी नवा पेपर काढला होता. त्याची परीक्षा शाळेत, आठवीच्या वर्गापुढं व्हायची.

पळसदेवच्या शाळेत सर मागच्या बाकावर बसले आणि सोनमनं झोकात सुरुवात केली. "अपूर्णांकानं भागायचं तर तो उलटा करून गुणायचा. तीनला अर्ध्यानं भागलं, आले सहा."

मनिषा नावाची एक मुलगी उठली. "मॅडम, भागल्यावर आकडा वाढला कसा?"

सोनमनं नियम पुन्हा सांगितला.

"त्ये कळलं. पण कसा?"

कॉलेजात तीन वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सरांची नजर चुकवत ती म्हणाली, "मलाही सांगता येत नाही. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तिनं तीन भाकरी आणल्या. "ह्यातनं अर्धी-अर्धी किती जणींना मिळंल?"

"सहा जणींना!" वर्ग ओरडला, आणि मनिषा खुदकन हसली. मग हात खाली येईनात. शून्यानं का भागत नाहीत? ऋणाला ऋणानं गुणलं की धन कसं होतं? घंटा झाली तरी धडा अर्धाच.

"धडा राहिला, सर," बाहेर आल्यावर सोनम म्हणाली. "माझे गुण गेले."

"ह्या पेपरात गुण पोरांनी इचारलेल्या प्रश्नांना हायेत," सर म्हणाले. "काल एकच होता. आज अकरा झाले."