संगणकातली इचलकरंजी

"मॅडम, आमच्या नकला रडतात का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तेजलनं भर सभेत विचारून टाकलं. मागच्या रांगेत समीना तोंड दाबून हसली. धोरण खात्याच्या मॅडम मात्र हसल्या नाहीत.

बँका बुडाल्यापासून सरकार प्रत्येक निर्णय आधी संगणकातल्या इचलकरंजीवर करून बघायचं. तिथं गावातल्या प्रत्येकाची हुबेहूब नक्कल राहायची, स्वभावासकट. सोळा वर्षांपर्यंत आईबापांची संमती चालायची, सोळावं लागलं की आपल्या नकलेसाठी आपण संमती द्यायची. आज तेजलची पाळी होती.

"रडतात," मॅडम म्हणाल्या. "यंत्रमागांची वीजसवलत तिथं काढून बघितली, तेव्हा तुझी नक्कल शाळा सोडून सूतगिरणीत लागली. म्हणून तर तुमची सवलत राहिली."

"मग तिचं पुढं काय झालं?"

"पुसलं सगळं. तिला परत पहिल्यासारखी बनवून दुसरा प्रयोग लावला."

"तिला सांगितलं होतं, हे खोटं आहे म्हणून?"

"सांगितलं तर माणसं खरी वागत नाहीत."

पप्पा तिच्या कानाशी वाकले. "गप अंगठा लाव की. संमती नसलेल्या घराची सवलत जाते. आपले माग बंद पडतील."

"ती काय खरी पोरगी आहे का, बाई?" आई कुजबुजली.

तेजलचा अंगठा संमतीच्या यंत्राच्या काचेवर टेकता टेकता थांबला. सूतगिरणीत रडताना तिलाही वाटलं असेल, आपण खऱ्या आहोत.

"आई, पप्पा, मी अंगठा लावणार नाही," ती म्हणाली. "तिलाही आजच सोळावं लागलंय. आधी तिला विचारलं पाहिजे."