दुकानाच्या फोनवरचं गाणं

"संपतभाऊ, तुमच्या फोनवरचं गाणं लई भारी हाय बघा. सगळं ऐकून व्हायच्या आत उचलता तुम्ही," पूनम म्हणाली आणि वर हसली.

अंकिता नवऱ्याचा डबा घेऊन नुकती दुकानाची पायरी चढत होती. ते हसणं तिला मिरचीसारखं झोंबलं. पूनम केडगावची. मोठा गोठा, स्वतः स्कुटीवर यायची, पेंडीची पोती सांगायची आणि मागून टेम्पो पाठवायची. उन्हाळ्यापासून वरवंडच्या या पशुखाद्याच्या दुकानात तिचं येणं-जाणं सुरू झालं होतं. गिऱ्हाईक चांगलं, व्यवहार रोख, सगळं मान्य. पण सरकी पेंड न्यायला बाईनं एवढं नटून कशाला यावं, हे काही अंकिताच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"कसलं गाणं?" पावती फाडता फाडता संपतनं विचारलं.

"घ्या! आता आम्हालाच इचारा," पूनम म्हणाली. "येते हां वहिनी." आणि स्कुटी हायवेकडं गेलीसुद्धा.

अंकितानं डबा गल्ल्यावर आपटला.

ते गाणं तिला तोंडपाठ होतं. उन्हाळ्यात भांडण करून ती शिरूरला माहेरी जाऊन बसली होती. संपत न्यायला आला नाही. फोनही केला नाही. शेवटी पोरीच्या दाखल्याचं निमित्त काढून तिनंच दुकानाचा नंबर लावला, तर पलीकडं कुणीतरी कळवळून गात होतं, 'लवकर ये साजणे, तुझ्याबिगर घर खायला उठतंय.' लग्नापासून कधी 'बरी दिसतेस' न म्हणालेल्या माणसानं हे असलं गाणं लावावं! संपतनं उचलायच्या आत तिनं फोन कट केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती घरी हजर. माणूस बुजरा आहे, तोंडानं बोलायचा नाही, एवढं तिनं धरून ठेवलं होतं. उगाच विचारून त्याची फजिती कशाला करा, म्हणून तिनंही कधी विषय काढला नाही. फक्त रोज दुपारी 'डबा आणू का' विचारायला फोन लावायची. तो उशिरा उचलायचा तेच तिला बरं वाटायचं.

आणि आता तेच गाणं या पूनमच्या तोंडी! ही बया दुकानात यायला लागली तीही उन्हाळ्यातच की.

"कुणासाठी लावलं हो ते?" अंकितानं विचारलं.

"आगं, पण कसलं गाणं? डोकं फिरलंय का तुझं?"

"व्हय, माझंच फिरलंय! केडगावच्या बाईला ठावं हाय आन् तुम्हाला ठावं न्हाई व्हय? कवापास्नं चाललंय हे?"

"आवाज खाली घे. गिऱ्हाईक यील."

"येऊ द्या की. त्यास्नीबी ऐकवते."

तिनं आपला फोन काढला, दुकानाचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून पेंडीच्या पोत्यावर ठेवला. गल्ल्यावरचा फोन थरथरायला लागला आणि इकडं पोत्यावरून ते कळवळणं सुरू झालं.

संपतचं तोंड उघडंच राहिलं. आपल्या फोनवरचं गाणं आपल्याला कसं ऐकू येणार? माणूस स्वतःला फोन लावतो थोडाच!

"आयला! तरीच शेजारचे मल्हारीआबा परवा म्हणत व्हते, गाणं झ्याक लावलंयस. मला वाटलं, आपल्या टेम्पोतलं म्हणत्यात."

"नाटकं करू नका."

"आईशप्पथ, अंकिता. हे मी न्हाई लावलेलं."

शपथेवर ती विश्वास ठेवणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं फोनवर दुकानाचं बिल काढलं. बँकेतून आपोआप कापलं जाणारं बिल कोण उघडून बघतंय? कॉलचे पैसे, नेटचे पैसे आणि सगळ्यात खाली एका भलत्याच कंपनीचं नाव, गाण्याचे म्हणून. मागचं बिल बघितलं, तिथंही तेच. थेट उन्हाळ्यापर्यंत तेच.

"लुटलं भाडखाऊंनी!" म्हणत त्यानं कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, तुम्ही एक नंबरचं बटण दाबून मंजुरी दिलेली आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"कवा दाबलं? मी हितं पेंड मोजतोय का बटनं दाबतोय? ही कंपनी कोण, कुठली, मला काय म्हाईत? न इचारता माझ्या बिलात घुसलीच कशी?"

पोत्यांमधून येरझाऱ्या घालत तो भांडत राहिला. अंकिता स्टुलावर बसून ऐकत होती. तो खरं बोलतोय हे तिला कळलं. पूनमवरचा राग जागच्या जागी विझला. बिचारी नुसती पेंड न्यायला येत होती. पण मग शिरूरला आपल्याला बोलावलं कुणी?

"झालं बंद!" संपतनं फोन ठेवला. स्वारी एकदम खुशीत. "मागचं पैसंबी वळतं करून घेतो का न्हाई बघ. आता लाव फोन, नुसती रिंग वाजंल. पटलं का आता तरी? ना पूनमसाठी व्हतं, ना आणखी कुणासाठी. उगाच जळत बसली व्हतीस."

अंकितानं डबा उघडला, भाजी-भाकरी त्याच्यापुढं सरकवली.

"त्यापरीस पूनमसाठी लावलं असतं, तरी बरं झालं असतं," ती म्हणाली.